परातेभाऊ आणि माझा डी ड्राइव्ह

चंद्रपुरात परकोटाच्या आत परातेभाऊंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बाई गिऱ्हाईक दारात दिसलं की नमस्काराऐवजी ते विचारायचे, "कॉम्प्युटरातलं काय मिटवून आली?" जणू जिल्ह्यातल्या बायांना दुसरा उद्योगच नव्हता.

मी पोंभुर्ण्याकडच्या एका गावात ग्रामसभेचं लिखाण सांभाळते. फार हुशार म्हणून ख्याती! वनहक्काच्या दाव्यासाठी तेवीस म्हाताऱ्यांनी गावच्या जंगलाची हद्द सांगितली होती. ती रेकॉर्डिंग्ज माझ्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर होती. सुनावणी आठ दिवसांवर आलेली, लॅपटॉप रडतखडत चालायचा, म्हणून मी डी फॉरमॅट मारला. पेनड्राइव्हवर कॉपी आहे अशी माझी ठाम समजूत! त्यात भाच्याच्या लग्नाचे फोटो निघाले. मग फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवलं, तेही डीवरच टाकलं आणि सापडलेल्या फाइली साठवायलाही डीच दिला. नावं सगळी दिसली, उघडेना एकही.

"वा वो बाई!" परातेभाऊ म्हणाले. "दूध सांडलं, त्याच्यावर पोछा मारला, अन आता म्हणते गंजभर दूध वापस द्या!"

मूळ डिस्कला ते हात लावत नसत. आधी तिची अख्खी नक्कल काढायची, मग सगळी कापाकापी नकलेवर. दुपार झाली तरी नक्कलच चाललेली. मी म्हटलं, "भाऊ, जरा लवकर."

"घाई मलेही हाय. पण मूर्खपणा मी काऊन करू? तो तू करूनच आली."

दोन दिवसांत बावीस रेकॉर्डिंग्ज निघाली. तेविसावं मडावी आजांचं. नाल्यापलीकडच्या बांबूची हद्द एकट्या त्यांनाच पाठ होती, आणि पोळा झाला तसे ते वारले होते. फाइल उघडली. आजा खाकरले, स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, "नाल्यापासून" म्हणाले, आणि पुढे नुसती खरखर. नेमकं त्याच जागेवर माझं फुकटचं सॉफ्टवेअर जाऊन बसलं होतं.

परातेभाऊंनी आणखी तीन सॉफ्टवेअर लावून पाहिली. दर वेळी आजा "नाल्यापासून"पर्यंतच यायचे. मी टोमण्याची वाट बघत होते. हक्काचाच होता तो माझा. भाऊंनी स्पीकर बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाय सांगू का, बाई?" तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

सुनावणीत बावीस जणांचं ऐकलं गेलं. दावा मंजूर झाला, नाल्याच्या अलीकडचा. बांबू सगळा पलीकडे आहे.