देवकीने राखलेलं टेकाड

कन्हान नदीच्या काठी, गावाबाहेर, एक बुटकं टेकाड आहे. लोक त्याला मुरुमाचं टेकाड म्हणत. विद्यापीठाची मंडळी तिथे खोदकामाला आली तेव्हा देवकी रोजंदारीवर माती चाळायला जायची. दोन हिवाळ्यांत तिची नजर अशी तयार झाली, की खड्यांच्या ढिगातून नखाएवढं गारगोटीचं पातं ती बरोबर वेचायची. शेती ठाऊक नव्हती त्या काळी शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारी माणसं इथे बसून ही पाती घडवत, असं खोदकामाच्या प्रमुख नूपुर मॅडमनी तिला सांगितलं होतं.

खोदकाम थांबून वर्ष झालं असेल. एका सकाळी मेथीची टोपली घेऊन निघालेल्या देवकीला टेकाडावर जेसीबी दिसला. मागे तीन ट्रॅक्टर उभे होते आणि त्यातला एक तिच्या धाकट्या दिराचा, रविंद्रचा. टोपली खाली ठेवून ती थेट जेसीबीसमोर जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाजूले व्हा ना! काहून तमाशा करून राहिल्या?" रविंद्र धावत आला. "किती दिवसांनी काम भेटलं मले."

"परवानगी दाखव."

"ठेकेदाराजवळ आहे."

"मंग बोलाव त्याले. तोवर मी हटत नाही."

तासाभराने ठेकेदार आला. हसत हसत त्याने कागद पुढे केला. त्याला वाटलं, बाई शिक्का बघून गप्प बसेल. देवकीने एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"हा गट नंबर नाल्यापलीकडचा आहे भाऊ. हे टेकाड त्यात नाही."

ठेकेदाराचं हसू मावळलं. तिने कागदाचा फोटो काढून तलाठ्याला आणि मॅडमना पाठवला आणि तिथेच बसली. दुपारी तलाठी आला, पंचनामा झाला, मशीन परत गेली. पण देवकी पोचण्याआधीच टेकाडाची एक कड खणून नव्या रस्त्याच्या भरावात टाकली गेली होती.

देवकीने ती माती नऊ दिवस चाळली. एक्केचाळीस पाती निघाली. मॅडमनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "देवकीताई, आता ही कोणत्या थरातली, म्हणजे किती जुनी, ते कधीच कळणार नाही." त्या रात्री देवकीला जेवण गेलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत तिने ठराव मांडला: इथला मुरूम कोणी काढायचा नाही आणि सरकारने ही जागा संरक्षित करावी. भर सभेत रविंद्र म्हणाला, "दगडासाठी घरच्याच्या पोटावर पाय दिला हिनं." तिला ते झोंबलं, तरी ती खाली बसली नाही. ठराव चार मतांच्या फरकाने मंजूर झाला. रविंद्र अजून तिच्याशी बोलत नाही.

टेकाडाभोवती आता तारेचं कुंपण आहे. संरक्षणाचा प्रस्ताव मात्र वर अडकलाय. दर महिन्याला देवकी तालुक्याच्या कचेरीत जाते. टेबलामागचा साहेब बदललेला असला, की खुर्ची ओढते आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागते.