पाच लुगडी तार

घरभर रेडिओ ऐकू यावा म्हणून आमच्या घरात तार कोणी ओढली, असं विचारलं तर आजही लोक माझ्या दिराचं नाव घेतात. घेऊ द्या. शिडीवर चढून खिळे त्यांनी ठोकले, हे खरं. पण बेत माझा होता, मोजमाप माझं होतं, आणि मोजमापातली लबाडी तर अख्खीच्या अख्खी माझी होती. आता कोणाची भीती उरली नाही, म्हणून सांगते.

मी मानोऱ्याकडची. कामरगावच्या बाजूला एका खेड्यात मला दिली, तेव्हा सतरा वर्षांची होते. माहेरी आम्ही अकरा माणसं, आणि अकराही एकाच वेळी बोलायची. ऐकायला कोणी नसे, पण त्यावाचून कोणाचं अडतही नसे. सासरी आले तर काय? टिनाचं छप्पर, मोठं अंगण, गोठ्यात सहा बैल, खाऊनपिऊन सुखी घर, आणि बायकांच्या बाजूला सगळं चिडीचूप. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलतच नसत. रागावलेल्या नसत हो, सवयच तशी. सैपाकघराची भिंत बैठकीला लागून. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी बाईचा आवाज भिंतीपलीकडे गेला की ते ताट उचलून अंगणात फेकायचे म्हणे. ते सासरे कधीच वर गेले, पण आत्याबाईंचा आवाज काही परत आला नाही. त्या चिमट्यानं बोलायच्या. चिमटा तव्यावर एकदा वाजला की इकडे ये. दोनदा वाजला की सरपण आण. जोरात आपटला की तुझं चुकलं. पहिल्या महिन्यात मी हा तिसराच आवाज जास्त ऐकला.

तेवढंही मी निभावून नेलं असतं. पण महिन्यातले ते तीन दिवस! कावळा शिवला की बाईनं परसातल्या खोलीत बसायचं. कशाला हात लावायचा नाही, जेवण लांबून सरकवलेलं खायचं, आणि बोलायला कोणी नाही. खोलीत जनावरांच्या ढेपेची पोती आणि एक घोंगडी. मी पोत्यांशी बोलायचे. त्यातल्या एका जाड्या पोत्याला मी मावशी म्हणत असे. हसू नका. तुम्ही बसून पाहा तीन दिवस तोंड शिवून! मला वेड लागेल अशी खरोखर भीती वाटायची.

तशात, लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा, मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, रेडिओ आणला. गावात वीज नव्हती, तेव्हा तो बॅटरीवरचा. बॅटरी केवढी, तर मांडीवर घेतली की पाय बधिर व्हायचा. छपरावर दोन बांबू रोवून एरियलची तार ताणली, बैठकीत रेडिओ मांडला, आणि नागपूर लागलं तसं अर्धं गाव ओसरीत येऊन बसलं. सुनेनं बैठकीत पाय ठेवायची सोय नव्हती. मी भिंतीला कान लावून उभी, तर नुसती घरघर. असा संताप आला मला!

धाकटे दीर कारंज्याला एका लाउडस्पीकरवाल्याजवळ दोन वर्षं काम करून परतले होते. मी भिंतीला चिकटलेली पाहून भाऊजी म्हणाले, "वैनी, रेडिओच्या मांगं दोन भोकं हायेत. त्यात तार घातली की जिथं न्यान तिथं स्पीकरचा डबा बोलते."

"घरभर?"

"घरभर!"

झालं, माझ्या अंगात वारं शिरलं. रांगोळीचा डबा घेतला आणि माजघरात सारवलेल्या जमिनीवर अख्खं घर काढलं. ही बैठक, ही ओसरी, हे सैपाकघर. एक डबा ओसरीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. एक सैपाकघरात, बायकांसाठी. परसातली खोलीही मी काढली, पण तिच्यात कमळ भरलं, म्हणजे कोणाला संशय नको. मामंजी आले, रांगोळीवर पाय न पडू देता तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सारं बराबर हाये. पण माह्यी खाट कुठी हाये?" मी खाट काढली, तेव्हा त्यांचा होकार मिळाला.

मग तार किती लागेल ते मोजायचं होतं. मोजायला घरात काय होतं? माझं लुगडं. नऊ वार म्हणजे नऊ वार, त्यात वाद नाही. भाऊजी शिडीवर चढून एक टोक धरायचे आणि मी दुसरं टोक घेऊन घरभर धावायचे. ओसरीपर्यंत एक लुगडं भरलं. सैपाकघराकडे वळलो, तोच चिमटा असा आपटला की शिडी हलली. आत्याबाईंनी वर बोट दाखवलं. सैपाकघराच्या कोनाड्यात देव, आणि त्यांच्यावरून बाईचं लुगडं जात होतं. मग तिथलं माप मामंजींच्या धोतरानं घेतलं. दोन धोतरं म्हणजे एक लुगडं. इतकी धोतरं, तितकी लुगडी, असा हिशेब करता करता भाऊजींचं डोकं फिरलं आणि ते म्हणाले, "तुमीच सांगा बाप्पा, किती आणू?"

खरं माप तीन लुगडी होतं. मी म्हटलं, "पाच."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग रांगोळीतल्या कमळाकडे पाहिलं, आणि सरळ कारंज्याला गेले.

चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचे डबे झाले. त्यात स्पीकर बसवले आणि एका दिवसात तार ओढून झाली. सैपाकघरात, देवांच्या कोनाड्याशेजारी, नागपूरची बाई "नमस्कार" म्हणाली तर मी हातातलं पीठ घेऊन गिरकीच घेतली. परातीपासून चुलीपर्यंत सगळं पांढरं! पण संध्याकाळी माजघरात उरलेल्या तारेचं वेटोळं मामंजींना दिसलं.

"एवढी तार कायले उरली बे? अन् हा तिसरा डबा कोणाचा?"

"वैनीनं मोजली," भाऊजी म्हणाले. दगाबाज!

मी दाराआड होते. सासऱ्यांशी समोरून बोलायची रीत नव्हती, म्हणून मी दारालाच सांगितलं, "परसातल्या खोलीले पुरन, तेवढी हाये म्हणा."

चिमटा आपटला. आणि मग नवल झालं. आत्याबाई विटाळाच्या धास्तीनं उंबऱ्याशी आल्या आणि हळू आवाजात, पण चक्क बोलल्या.

"बाहेर बसलेल्या बाईजवळचा डबा अन् देवाजवळचा डबा एकाच तारेवर? इटाय चालत येईन ना देवाजवळ!"

"माय, तारेतून आवाज येते. इटाय नाही येत," भाऊजी म्हणाले.

"मंग सुतक कसं लागते? माणूस मरते अमरावतीले. आपण कुठी हात लावतो त्याले? नुसतं कानानं ऐकलं की आंघोळ करा लागते. कानानं सुतक लागते, तर इटाय काहून लागणार नाही?"

मामंजींनी मिशीला हात लावला, तो तिथंच राहिला. माझा डबा बुडत होता, आणि मला मात्र त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. ही बाई दोन वर्षं चिमटा वाजवत होती आणि आत एवढं चालू होतं! पण तीन दिवसांची ती खोली डोळ्यांपुढे आली आणि मी रीतभात विसरून दाराआडून बाहेर आले.

"डब्याले कान नाहीत मामंजी! तो नुसता बोलते. विहिरीचं पाणी पाटानं वावरात जाते. वावरातलं पाणी कधी उलटं विहिरीत आलं काय?"

मामंजी जन्माचे शेतकरी. पाटाचं पाणी म्हटल्यावर त्यांच्या मानेनं आधी होकार दिला, तोंडानं मागून. "खरं हाये. पाणी उलटं चढत नाही. लाव बे डबा."

पुढच्या खेपेला मी परसातल्या खोलीत गेले ती लगीनघाईनं. दुपारी जेवून मामंजी रेडिओ लावायचे, बायकांचा कार्यक्रम व्हायचा, मग बॅटरी वाचावी म्हणून बंद करून ते वावरात जायचे. तो कार्यक्रम मी मावशीच्या, म्हणजे त्या पोत्याच्या, गळ्यात हात टाकून ऐकला. लोणच्याची कृती ऐकून टाळ्या वाजवल्या. रेडिओ बंद झाला तरी माझा जोर काही ओसरेना. मी डब्यापुढे बसले, नागपूरच्या बाईसारखा आवाज काढला आणि सुरू झाले.

"नमस्कार. आता ऐका घरच्या बातम्या. मामंजींच्या धोतराले आज वंगण लागलं. भाऊजीनं चोरून गूळ खाल्ला. अन् आमच्या आत्याबाई, डब्यासाठी भांडल्या थे सोडून, दोन वर्षांत माह्यासंग एकुणीस शब्द बोलल्या."

"ईस," डबा म्हणाला.

मी मागे सरकले ती पोत्यावर जाऊन आपटले.

"ईस झाले," बारीक आवाज आला, मडक्यात बसून कोणी बोलावं तसा. "परवा 'सरक' म्हटलं तुले. थो शब्द तू धरलाच नाही."

अरे देवा! डब्याला कान होते. पाणी उलटं चढत होतं, आणि चढून थेट देवांच्या कोनाड्याशी पोचत होतं. भाऊजींना पुढे विचारलं, तर म्हणाले, डब्यातल्या कागदाच्या पडद्यापुढे बोललं की तोही हलतो, आणि रेडिओ बंद असला की हा डबा त्या डब्याशी बोलतो, कान लावून ऐकावं लागतं एवढंच. ओसरीतल्या डब्यातही आवाज जायचा म्हणे, पण दुपारी तिथं कुत्रं तेवढं असायचं. भाऊजींना हे आधीपासून ठाऊक होतं, लबाड कुठले!

पण तेव्हा माझे दोन दिवस कसे गेले, ते मलाच ठाऊक. आत्याबाईंनी फक्त म्हणायचं होतं, 'मी सांगतलं नव्हतं?' की तार तुटली, डबा गेला, आणि मी पुन्हा ढेपेजवळ. चौथ्या दिवशी न्हाऊन सैपाकघरात आले. मामंजी जेवत होते. त्यांनी नेमकं तेच विचारलं, "काय म्हणते सुनेचा डबा? चालते ना बराबर?"

आत्याबाईंनी भाकरी उलटली. चिमटा ठेवला. "चालते," म्हणाल्या.

सांगितला मामंजींना, पण मी माझ्याच खात्यात धरला: एकविसावा शब्द! मी पदराआड तोंड घालून इतकी हसले की ठसका लागला.

त्यानंतर महिन्यातले ते तीन दिवस मी बोटांवर मोजून वाट पाहायचे. रेडिओ बंद झाला, मामंजी वावरात गेले, की डबा बोलायचा, "आली काय वं?" आत्याबाई त्यात काय काय सांगत! नऊ वर्षांच्या असताना या घरात आल्या, तेव्हा विहिरीत बादली पडली म्हणून दिवसभर कडब्यात लपून बसल्या होत्या. वांग्याची भाजी त्यांना अजिबात आवडत नाही, आणि मामंजींना आवडते म्हणून तीस वर्षं रांधत आल्या. हे सांगताना त्या हसल्या. डब्यातून हसू आलं, तर मला कोण आनंद!

एकदा मी भीत भीत विचारलं, "आत्याबाई, अन् देवाईचा इटाय?"

"देवाईवर फडकं टाकलं हाये. झोपले थे. तू बोल."

पण चौथ्या दिवशी मी घरात गेले, की चुलीपाशी पुन्हा चिमटाच. समोरासमोर एक शब्द नाही. डबा नसला की त्यांचा गळा जणू बंदच व्हायचा. मीही विचारत नसे. विचारलं आणि ते तीन दिवसही गेले तर?

मग मला दिवस राहिले. मामंजींनी गावभर गूळ वाटला. आमचे हे, एरवी घुमे, त्या दिवशी बैलाच्या गळ्यात पडले. आणि आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला कळेचना. आता बाहेर बसायचं नव्हतं, म्हणजे परसातली खोली नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन महिने आम्ही एकमेकींच्या कोपराला कोपर लावून भाकरी केल्या, पण त्या काही बोलल्या नाहीत. चिमटासुद्धा हळू वाजायला लागला.

एका दुपारी रेडिओ बंद झाला, मामंजी गेले आणि आत्याबाई अचानक म्हणाल्या, "परसातल्या खोलीत जाय. पोत्याईले उंदीर लागले असतीन, पाहून ये."

मी कोनाड्याकडे पाहिलं. देवांवर फडकं होतं. मी धावत सुटले, पोटाशी हात धरून.

"आली काय वं?"

"आली, आली!"

डबा म्हणाला, "पोरगी होऊ दे वं. लोकं काहीही म्हनोत. मले चार पोरं झाले. चाराचे चार बोलाले शिकले, अन् बैठकीत जाऊन बसले. माह्याजवळ बोलाले कोणीच नाही रायलं." मग पुन्हा, "ऐकून राह्यली ना?"

"ऐकून राह्यली," एवढंच म्हणाले.

मुलगीच झाली. बाराव्या दिवशी पाळणा बांधला. कानात कुर्र करायला आत्या लागते, आणि आमच्या घरात चार भाऊच, बहीण नाही. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या, तोच आत्याबाई पुढे झाल्या. पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि अशी लांबलचक, दणदणीत कुर्रर्र केली की पाळण्याची दोरी माझ्या हातून सुटली.

"रेडिओ कोणं लावला बे?" बैठकीतून मामंजी ओरडले.

"रेडिओ नाही," आत्याबाई भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "मी होय."