बिनसाखरेचा चहा

मास्तरांच्या हातचा कोट कधी कुणाला घट्ट झाला नाही. गुपित साधं होतं. प्रत्येक शिवणीच्या आत ते बोटभर कापड जास्त सोडत. गिऱ्हाईक चार वर्षांनी पोट वाढवून परत आलं, की शिवण उसवायची आणि त्याला त्याच कोटात बसवून द्यायचं. "जास्तीचं कमी करता येतं हो, कमी पडलेलं कुठून आणू?" हे वाक्य दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं. काहींनी तर दोनदोनदा.

दुकान एका खोलीचं. मशीन, कापायचं टेबल, आणि माणूस आहे त्यापेक्षा जरा उंच दाखवणारा एक आरसा. आरशाबद्दल मास्तर कुणाशी बोलत नसत. धंद्यात सगळंच खरं सांगून चालत नाही. दुकानाच्या मागे घर. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. लेक लग्न होऊन लांब गेलेली. घरात मास्तर आणि त्यांची बायको. जन्मात तिने एका पोराला पाटीवर अक्षर काढून दिलं नव्हतं, पण शिंप्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून ती मास्तरीणबाई.

मागच्या वर्षी मास्तरांच्या प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली आणि ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला. पण ऑपरेशनमध्ये तिथल्या नसा दुखावल्या, आणि मास्तरांच्या अंगातली एक गोष्ट झोपली ती काही केल्या उठेना. गोळ्या घेऊन झाल्या. गोळ्यांनी फक्त डोकं दुखलं.

ऑपरेशननंतर लघवीची नळी लावून मास्तर घरी आले, त्या दिवशी मास्तरीणबाईंनी आपली उशी उचलली आणि आतल्या खोलीत नेली. नळी पुढे निघाली. उशी काही परत आली नाही. मास्तर वाट बघत राहिले. रोज दिवा मालवताना वाटे, आज येईल. मग त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की तिला कळलंय. ज्या पलंगावर काही घडायचं नाही, तिथे कशाला यायचं तिने? बोलणं चालू होतं, नाही असं नाही. दूध आलं का, गॅस संपत आलाय, लेकीचा फोन येऊन गेला. अशा बोलण्यावर घर चालतं, माणूस चालत नाही.

शेवटी डॉक्टरांनी दुसरा उपाय काढला. इंजेक्शन.

"कुठे, दंडावर?" मास्तरांनी विचारलं.

"दंडाचं काय बिघडलंय?" डॉक्टर म्हणाले. "जिथे काम आहे तिथेच घ्यायचं."

सगळं आयुष्य सुईवर काढलेल्या माणसाला त्या दिवशी सुई बघून घेरी आली. पण डॉक्टर धीराचे. त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली पहिलं इंजेक्शन दिलं आणि नीट समजावलं. सुई केसासारखी बारीक. टोचायची ती बाजूला, वर नाही, खाली नाही, शीर दिसेल तिथे तर मुळीच नाही. एकदा डावीकडे, पुढच्या वेळी उजवीकडे. हात स्वच्छ, सुई दर वेळी नवी, टोचल्यावर चांगली पाच मिनिटं दाबून धरायचं. एका दिवसात दुसऱ्यांदा नाही, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही. औषध फ्रीजमध्ये ठेवायचं.

"आणि हा तुमचा डोस," सिरिंजवरच्या रेघेवर नख ठेवून डॉक्टर म्हणाले. "मी मोजून ठरवलाय. कमी वाटला तर मला येऊन सांगा. स्वतःच्या मनाने, अंदाजपंचे, एक रेघसुद्धा वर जायचं नाही. आणि चार तासांत उतरलं नाही, तर घरी बसून वाट बघायची नाही. दुखो न दुखो, सरळ हॉस्पिटल. उशीर झाला तर आतला भाग कायमचा निकामी होतो, मग इंजेक्शनही उपयोगाचं राहत नाही. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या. तिलाही माहीत हवं."

मास्तर हो म्हणाले आणि आणलं नाही. ज्या बाईने उशी नेली, तिला काय सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. औषधाची बाटली आणि सिरिंज त्यांनी बटणांच्या जुन्या डब्यात घातल्या, आणि डबा फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात सारला.

त्याच सुमाराला चहा बदलला. मास्तरांच्या चहात बायको दोन चमचे साखर घालत आली होती, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. ती आधी एक चमचा झाली, मग अर्धा, मग चहा बिनसाखरेचाच येऊ लागला, कडू. मास्तर मुकाट्याने पीत. विचारणार काय? प्रेम गेलं तिथे साखर कुठली राहायला. दुकानात लहान मुलांसाठी चॉकलेटच्या गोळ्यांची बरणी असे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मास्तर त्यातली एक गोळी तोंडात टाकत आणि मशीनवर हात ठेवून, मशीन न चालवता, बसून राहत. मोठा माणूस असा एकटा गोळी चोखत बसलेला बघणं काही बरं नव्हे, पण बघायला होतंच कोण.

मास्तरांनी मनाशी बेत केला होता. आधी ट्रायल. कच्ची शिलाई अंगावर घालून बघितल्याशिवाय त्यांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या हातात कपडा दिला नव्हता. बायको रविवारी बहिणीकडे जायची ती संध्याकाळीच यायची. दोन रविवारी त्या वेळात, एकेकदाच, त्यांनी डॉक्टरांच्या रेघेइतकं औषध घेऊन बघितलं. जमलं. पण मास्तरांचं समाधान होईना. जरा सैल वाटतंय, असं त्यांना वाटे. एवढ्या दिवसांनी तिला हाक मारायची, आणि ऐन वेळी उणं पडलं तर? पुन्हा हाक मारायला तोंड राहणार नव्हतं.

तिसऱ्या रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी डबा काढला, हात धुतले, सुई उघडली, औषध रेघेपर्यंत ओढलं. आणि तिथे थांबायच्या जागी त्यांचा हात जन्माच्या सवयीने पुढे गेला. असू दे थोडं आत सोडलेलं. उणं पडायला नको.

शिवण उसवता येते. अंगात गेलेलं औषध उसवता येत नाही, हे शिवणकामात कधी शिकावं लागत नाही.

तासाभराने मास्तर खुशीत होते. दुसऱ्या तासाला त्यांना कौतुक वाटेनासं झालं. तिसऱ्या तासाला दुखायला लागलं, आणि ते घरभर येरझाऱ्या घालू लागले. थंड पाणी ओतून झालं. देवाला सांगून झालं, तेही भीतभीत, कारण असल्या कामासाठी देवाला हाक मारायची कशी, कोणत्या तोंडाने? वर्षभर जे मिळावं म्हणून झुरले, तेच आता जावं म्हणून हात जोडत होते. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

हॉस्पिटल लांब नव्हतं. पण त्यांना नीट चालता येत नव्हतं, आणि रिक्षा बोलवायला रस्त्यावर जायचं तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्यांनीच शिवलेला शर्ट घालून उभा. मास्तर न्हाणीघरात स्टुलावर बसले, कडी लावली आणि रडले. दुखत होतं म्हणून रडले, हे खरं. पण मरणाच्या दारातून आलो तेव्हा नाही रडलो, आणि आज धरायला एक हात नाही म्हणून रडतोय, हेही त्यांना कळत होतं. घड्याळ चार तासांच्या जवळ आलं होतं. बसून राहिलो तर लाज राहील आणि बाकी सगळं जाईल. मग तिला हाक मारायला काय उरणार होतं?

तेवढ्यात दाराचा आवाज झाला. मास्तरीणबाई आल्या.

"अहो?" त्यांनी घरभर हाक दिली, मग न्हाणीघराचं दार वाजवलं. "आत आहात का? आवाज का असा येतोय?"

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, "अगं, मला हॉस्पिटलात ने. मी इंजेक्शन जास्त घेतलंय."

 पावलं धावत स्वयंपाकघराकडे गेली आणि धावत परत आली. मास्तरांनी कडी काढली. बायकोने काही विचारलं नाही, खाली बघितलं नाही. एका हाताने तिने त्यांची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने मूठभर साखर त्यांच्या तोंडात कोंबली.

"गिळा आधी! घाम बघा किती आलाय. माझ्या दादाचं अस्संच झालं होतं, इन्सुलिन जास्त गेलं आणि शुद्ध हरपली. गिळा म्हणते ना!"

तोंडभर साखर घेऊन मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"मला काय दिसत नाही का फ्रीजमधलं?" ती रडतच बोलत होती. "दादाच्या असायच्या तश्शाच सुया. शुगर झाली तर झाली, माणसाने घरी सांगावं. तुम्हाला सांगायचं नव्हतं, मी विचारलं नाही. साखर तेवढी बंद केली."

मास्तरांनी साखर गिळली. "शुगर नाही गं," ते म्हणाले, आणि मग उभ्या उभ्या, न्हाणीघराच्या दारात, काय ते सांगितलं. सगळं सांगायला दोन वाक्यं पुरली. वर्षभर जी सापडत नव्हती तीच दोन.

 तिने खुंटीवरची आपली शाल काढून त्यांच्या कमरेला गुंडाळली, रिक्षा थेट दारात बोलावली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "कंबर धरलीय ह्यांची. सावकाश, पण लवकर."

ड्यूटीवर जी डॉक्टर होती, तिच्या शाळेच्या स्कर्टच्या चुण्या मास्तरांनीच घातलेल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. तिने ओळख दाखवली नाही, वेळ विचारली, डोस विचारला आणि कामाला लागली. सुईने साठलेलं रक्त काढलं, उतरवायचं औषध दिलं, मध्येमध्ये रक्तदाब बघितला.

"वेळेत आलात," हात धुताना ती म्हणाली. "लाजेपायी लोक रात्रभर थांबतात, मग आम्हालाही काही करता येत नाही. महिनाभर इंजेक्शन बंद. नंतर तुमच्या डॉक्टरांना विचारून, कमी डोसपासून. आणि मास्तर, जास्तीचं कापड कोटातच सोडा."

बाहेर बाकावर दोघं शेजारी बसली. 

"तू उशी का नेलीस?" शेवटी मास्तरांनी विचारलं.

"नळीला माझा धक्का लागला असता म्हणून नेली."

"नळी काढली की मग."

"काढली. तुम्ही ये म्हणालात का कधी? मला वाटलं, ऑपरेशननंतर तुम्हाला शेजारी कुणी नको झालंय." तिने पदराने नाक पुसलं. "त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजते मी. भिंतीपलीकडे तुम्ही खोकता, तेवढं ऐकू येतं."

 इतके दिवस दोघांच्याही वाट्याला तोच कडू चहा आला होता, कारण साखर बंद केल्या दिवसापासून तीही बिनसाखरेचाच पीत होती. हे तिने त्यांना घरी आल्यावर, पातेल्यात चार चमचे घालताना, सहज सांगितलं.

रात्री मास्तर आडवे झाले. तिने आतल्या खोलीतला दिवा मालवला आणि उशी घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

"अगं, पण महिनाभर काहीच..." मास्तर चाचरले.

"सरका तिकडे," ती म्हणाली. "मी त्यासाठी आलेय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"