कोचीच्या रांगेत आमची पिशवी

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या वर्षी मी आणि विमल पाण्यावर फिरायला गेलो. (शेजाऱ्यांना ‘देवदर्शनाला’ असं सांगितलं. घागरी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना जहाजाचं काय सांगणार?) तिकिटं पुण्याच्या लेकीनं काढली होती.

जहाज एक दिवस कोचीला थांबणार होतं. विमलची इच्छा एकच: तिथली ती अवाढव्य चिनी मासेमारी जाळी पाण्यात उतरताना पाहायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

जहाजवाल्यांची गाइडसकट बस होती. पण मी कसला ऐकतोय!

“गाइड कशाला? कंधारचा किल्ला मी एकट्यानं पाहिलाय.”

“आन् भाईर पडायचं दार तासभर हुडकत होता तुम्ही,” विमल म्हणाली. पण आली बिचारी.

जाळ्यांकडं, पलीकडच्या काठाला नेणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर ही भली मोठी रांग! ऊन मी म्हणत होतं. आता आमच्याकडं त्या वर्षी रांगेत माणूस नाही, घागर उभी राहायची. माणूस सावलीत. दुसऱ्याच्या घागरीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी आमची पिशवी रांगेत ठेवली, पुढच्याला “हमारा नंबर है” असं बजावलं आणि विमलला घेऊन झाडाखाली जाऊन बसलो.

दहा मिनिटांत शिट्ट्या! रांग पांगली, दोरी बांधली गेली, आणि बेवारस पिशवीभोवती चार पोलीस आणि एक कुत्रं!

“अहो, ते आपल्या पिशवीला का हुंगायलंय?”

“शेंगदाण्याची चटणी हाय तिच्यात!” म्हणत मी धावलो.

“कहाँ से आया?” साहेबानं विचारलं.

“लातूर. पहले उस्मानाबाद जिले में था, बाद में नया जिला हुआ...” (घाबरलो की मी इतिहास सांगतो.)

जबाब दोन तास चालला. पिशवीतून लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या निघाल्या. जहाजातला नळ दिवसभर चालू असायचा, तो बघून मला राहवलंच नव्हतं!

“पी के दिखाओ.”

मी घोटभर प्यालो. साहेबाचं समाधान झालं. “ठीक है. बाटली बोट में नहीं चलेगा. पानी फेंक दो, जल्दी जाओ. बोट छूट रही है.”

फेंक दो? पाणी?

“अहो, ओता की! एवढा समुद्र हाय समोर!” विमल कळवळून म्हणाली.

“समुद्र हाय. पाणी न्हाई!”

आणि मी प्यायला लागलो. दुसऱ्या बाटलीला पोलीस हसले, तिसरीला “बस करो” म्हणाले, चौथीला बोट सुटली. पुढची धरली असती तर जहाज चुकलं असतं. विमलनं रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या.

जहाजावर परतल्यावर कळलं, बाहेर पडताना जहाज त्या जाळ्यांसमोरूनच जाणार! विमलचा चेहरा खुलला. भोंगा वाजला तेव्हा मी नेमका आमच्या खोलीच्या संडासात होतो. सातव्यांदा.

“तू जा वर!” मी आतून ओरडलो.

“लई पाणी पिलाव तुम्ही. चक्कर आली म्हंजी?” ती दाराशीच उभी राहिली.

आम्ही वर पोचलो तेव्हा नुसता समुद्र होता.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तुम्हाला बरं हाय ना आता?”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ते ‘ऱ्हाऊ द्या’ अजून सलतं. त्या वर्षी पाण्यापायी लातुरात सगळ्यांचंच नुकसान झालं; पण पाणी जास्त झाल्यामुळं बायकोचा जन्मभराच्या हौसेचा दिवस बुडवणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच!