वीज गेल्यावर तुटणारे शब्द

अर्धांगाच्या झटक्यानंतर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. कंपनीने घरून काम करू दिलं म्हणून मी पुण्याहून मिरजगावला आले. वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम नगरला बसायच्या. दर वेळी अण्णांना गाडीत घालून तिकडे नेणं जमेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, "व्हिडिओवर करू."

माझा जुना लॅपटॉप अण्णांच्या खाटेपुढे स्टुलावर ठेवला. मॅडम शब्द म्हणायच्या, अण्णा मागून म्हणायचे. सुरुवातीला बरं चाललं. उन्हाळा लागला, दुपारची वीज जायला लागली आणि मॅडम सारखं "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा" करू लागल्या. अण्णा घामाघूम व्हायचे. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉप मिटला.

"बास. मला... न्हाई येत."

मी आतल्या खोलीत कामाला बसलेली. आई येऊन म्हणाली, "घरात तर बोलत्यात की. सकाळी म्हनले, म्हशीला पानी दाव. मग त्या बाईलाच कसं कळंना?"

पुढच्या वेळी मी अण्णांना कसंबसं तयार केलं आणि शेजारी बसले. थोड्या वेळाने पंखा थांबला. मॅडम म्हणाल्या, "विहीर." अण्णा स्पष्ट म्हणाले, "विहीर." तिकडून लगेच, "पुन्हा म्हणा."

मी मॅडमना फोनच लावला. "तुम्हाला काय ऐकू आलं?"

"नुसतं 'वि'. मला वाटलं, पुढचं त्यांना जमत नाहीये."

राउटरला स्वतःची छोटी बॅटरी होती, माझ्या फोनवर वायफाय नीट चालत होतं. दोष लॅपटॉपचाच होता. चार्जरची वीज गेली की तो बॅटरी वाचवायला वायफायला मधूनमधून झोपवायचा. मेल वाचताना ते कळत नाही, पण बोलणं तुटतं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि त्यात ही बचत एका कमांडने बंद होते. पुढच्या सत्राआधी ती दिली आणि निर्धास्त झाले. वीज गेली, आवाज पुन्हा तुटला. चार्जर बंद होताच लॅपटॉपने आपली बचत परत सुरू केली होती.

मग मी छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, लिहिली. चार्जरची वीज आली किंवा गेली की ती आपोआप चालायची आणि वायफायला जागं ठेवायची. त्यात बॅटरी लवकर उतरणार, म्हणून स्क्रीनचा उजेडही तीच कमी करायची. सत्र संपल्यावर बचत पुन्हा चालू करायला दुसरी स्क्रिप्ट.

आईला मोबाईल देऊन गोठ्यात पाठवलं, व्हिडिओ कॉल लावला आणि चार्जर उपसला. "अण्णा, काहीतरी बोला."

"वैरन... टाकली का?"

"समदं येतंय ऐकू," गोठ्यातून आई ओरडली. "टाकली, टाकली!"

मी अण्णांना सांगितलं, "तुम्ही बरोबरच म्हणत होतात. तुमचे शब्द तिकडे पोचत नव्हते."

"म्हंजी मी... म्हनत हुतो?"

"हो अण्णा."

झटक्यापासून त्यांना जरा काही झालं की रडू यायचं. त्या दिवशी मात्र ते चिडले. "मग आधी... बघायचं न्हाई का?"

नंतरच्या सत्रात वीज गेली, स्क्रीन मंद झाली आणि मॅडम न थांबता पुढचं विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आज जेवायला काय होतं?"

"पिठलं." अण्णा शब्द शोधत राहिले. आम्ही कुणी मध्ये बोललो नाही. "ठेचा. हिनं... लई तिखट केला."

"बोलाया लागले की खोड्याच काढत्यात," आई चुलीपुढून म्हणाली.

पुढे मॅडमनी सत्रं कमी केली. अजूनही जोडाक्षर आलं की अण्णा अडखळतात आणि फोन दुसऱ्याच्या हातात देतात. पण ओळखीचं कुणी ओट्यावर येऊन बसलं, तर बोलतात, आणि शब्द सापडला नाही तर समोरच्याला हाताने थांबवून ठेवतात.