नाव न घेता, हात न लावता

संग्रहालयात पोरांना फरफटत नेणाऱ्या आईबापांचा मला राग येतो. हे बघ, ते बघ, चल पुढे. पोरगं बिचारं एखाद्या कपाटाशी रमलं की त्याचा दंड धरून ओढलंच. एका खेपेला एकच वस्तू बघावी, हे मला आठव्या वर्षी शिकवलं गेलं. शिकवणारीनं स्वतः ते संग्रहालय कधी पाहिलं नव्हतं.

लढाईची वर्षं होती. आम्ही नगरला राहत होतो आणि वडील शाळेत मास्तर होते. किल्ल्यात पुढारी मंडळी कैदेत होती, त्यामुळे रविवारी तिकडे पाय मोकळे करायला जायची सोय राहिली नव्हती. राहिलं होतं ते एका वाचनालयामागच्या दोन खोल्यांतलं संग्रहालय. लोक त्याला अजबखाना म्हणत. निजामशाहीतली नाणी, गंजलेल्या कट्यारी, खर्ड्याच्या रानात नांगराला लागलेला तोफेचा गोळा, असा सगळा ऐवज होता. राखणदार तिसगावकडचा. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला तो एकच मंत्र ऐकवायचा, "हात लावायचा न्हाई. काचंला बी न्हाई."

ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी आईला क्षय झाला होता.

मागच्या अंगणाकडच्या खोलीत तिची खाट होती. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. डॉक्टरांनी मला त्या खोलीत पाय ठेवायची मनाई केली होती. मी अंगणात धुण्याच्या दगडावर बसायची आणि ती खिडकीच्या गजांमागे. घरात आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. ती स्वयंपाक करायची आणि माझ्यावर पहारा द्यायची. दगडावरून उठून मी जरा पुढे सरकले की स्वयंपाकघरातून तिची हाक आलीच समजा. मला आईची कूस हवी होती, दुसरं काही नको होतं. वर्गातल्या मुलींच्या वेण्या त्यांच्या आया घालतात, याचासुद्धा मला हेवा वाटायचा. माझ्या वेण्या आत्या घालायची, त्या इतक्या घट्ट की भुवया वर चढत.

खेळ आईनं काढला. एका रविवारी मी वडिलांबरोबर अजबखान्यातून आले आणि धबाधबा सगळं सांगायला लागले, तशी ती म्हणाली, "असं नको. पुढच्या वेळी एकच वस्तू निवड. तिच्यासमोर गप्प उभी राहा, पोटभर बघ. मग डोळे मीट आणि आठव. मग उघड आणि काय राहिलं ते बघ. राहतंच काहीतरी. वाटेत बोलू नकोस, बोललं की सांडतं. घरी आल्यावर मला सांग, पण नाव न घेता. मी ओळखीन."

वाटेत न बोलणं मला जमलं, वडिलांना जड गेलं. जन्मभर फळ्यापुढे बोललेला माणूस. बाजारात ओळखीचे लोक विचारायचे, "मास्तर, लेक रुसली का?" वडील नुसती मान हलवत. मग आम्ही दोघं चालत राहायचो, मी वस्तू सांभाळत आणि ते मला सांभाळत. तसं एकटं मला नंतर फार वेळा वाटलं, पण सोबत माणूस असून एकटं वाटतं हे मी त्या रस्त्यावर शिकले.

आई हटकून ओळखायची. मी म्हणायची, "पोटात जाळ होता, आता नुसताच लोळतो." ती म्हणायची, "तोफेचा गोळा." मी चिडायची. तिला ते यायचंच, कारण नाव न घेता बोलण्यात तिची हयात गेली होती. वडिलांचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. सासऱ्यांच्या नावात तुळस होती, म्हणून तो शब्दही तिच्या तोंडी नव्हता. अंगणातल्या तुळशीला ती 'वृंदावनातली' म्हणायची. मला हे ठाऊक होतं, पण खेळताना आठवायचं कुणाला?

एकदा मी एका कोनाड्यात कुणा साधूची जुनी माळ बघून आले. म्हटलं, "झाडाचे मणी आहेत, गळ्यात घालतात, एक मणी फुटलाय." आई हसली आणि गप्प बसली. मी दगडावर नाचायलाच लागले. "हरलीस! म्हण हरले!"

"हरले नाही," ती म्हणाली. "जिचं लग्न लागल्याशिवाय आपली लग्नं लागत नाहीत, तिचे मणी."

"नाव सांग."

ती नुसती हसत राहिली. शेवटी ओसरीवरून वडील म्हणाले, "अगं, तिला येतंय. तुझ्या आजोबांचं नाव आठव." मग आम्ही तिघंही हसलो. आईचं हसू खोकल्यात गेलं आणि आत्यानं मला आत बोलावलं.

उन्हाळ्यात आई उठून बसेनाशी झाली. खाट खिडकीला लावली होती, त्यामुळे तिचा चेहरा तेवढा गजांमधून दिसायचा. राखणदाराच्या घरी लग्न निघालं, अजबखाना बंद होता. मी रिकाम्या हातांनी दगडावर बसले. आई म्हणाली, "आज मी घालते, तू ओळख."

"तू कुठे गेली आहेस तिथे?"

"न जाताही येतं. ऐक. मागच्या खोलीत ठेवलीय. लोक येतात, लांबून बघतात आणि हळू बोलतात. हात कुणी लावायचा नाही. जुनी झाल्यावर ठेवतात, पण ही जरा लवकरच ठेवली."

मी कट्यारी आठवल्या, नाणी आठवली. मग मला कळलं. उत्तर अगदी ओठांवर होतं आणि ते बोलवेना. मला वाटलं, बोललं तर सांडेल. मी पुष्कळ वेळ दगडाच्या कडेला नख घासत बसले.

"हरलीस?" तिनं विचारलं.

"हरले नाही. मला येतंय. पण नाव घेणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझीच लेक आहेस." आणि तिनं कूस बदलली.

पुन्हा खेळ झाला नाही. आषाढात एका सकाळी मला शेजारच्या घरातून परत आणलं तेव्हा आईला ओसरीवर ठेवलं होतं. नवं लुगडं नेसवलं होतं, हातांत हिरवा चुडा होता. अंगणात माणसं हळू बोलत होती. मी सरळ तिच्याकडे गेले, तशी आत्या म्हणाली, "हात लावू नकोस."

वडील भिंतीला टेकून बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "लावू दे तिला."

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात माझ्या हातात घेतला. आधी पोटभर बघितलं. मग डोळे मिटले आणि आठवलं. कपाळ, नाकातली चमकी, हनुवटी, सगळं बरोबर होतं. मग डोळे उघडले आणि काय राहिलं ते बघितलं. तिच्या तळव्यावर, करंगळीच्या खाली, एक तीळ होता. इतके दिवस बघूनही तो मला खिडकीतून कधी दिसला नव्हता.