तीन ठोके आणि एक मूठ

राहनाळच्या हिरामणचा कुणावरच विश्वास नाही. शेत गोदामवाल्याला विकल्यावर त्याने त्याच गोदामाच्या गेटवर ड्युटी धरली. कारण काय, तर हे लोक कुंपण रोज वीतभर पुढे सरकवतील. चार वर्षं झाली, कुंपण जिथल्या तिथे आहे. त्यामुळे त्याचा संशय आणखीच बळावलाय.

गेटवर त्याचं काम एकच. ट्रेलर उलटा आत येताना मागे उभं राहून ड्रायव्हरला हात करायचा. हात खाली म्हणजे येऊ दे, बाहेर म्हणजे तिकडे वळव, आवळलेली मूठ म्हणजे थांब. पण पहिलीतल्या नातीनं, भाविकानं, या गेटवर कधी उभं राहायचं नाही, हे त्याने घरात बजावून ठेवलं होतं. जमीन गोदामात गेली तेवढी पुरे, पोर जायला नको.

आणि एका दुपारी शाळेतून आलेली हीच भाविका शेजारी उभी राहून हात करू लागली. खाली, बाहेर, वर. खाली, बाहेर, वर. आरशात बघणाऱ्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि डोकं बाहेर काढलं.

"चाचा, कोई एक बोलो. तुम पीछे बुलाते हो, बच्ची बाहर भेजती है."

कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर शाळेतल्या सोनल बाईंनी, अख्ख्या वर्गाला. हिरामणच्या डोक्यात सगळं जुळलं. शाळेवरचे नवे पत्रे गोदामवाल्यानेच दिले होते. म्हणजे पहिलीपासूनच गेटसाठी पोरं तयार करून घ्यायचा बेत! ते गाण्याचं काहीतरी आहे असं सुनेने सांगितलं, तेव्हा त्याला सूनही फितूर वाटली. उद्याच भाविकाचा दाखला काढायचा, ठरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात जाण्याआधी तो वर्गाच्या खिडकीशी थबकला. पुरावा नको का? सोनल बाई पडघ्याकडच्या पाड्यावरल्या, नोकरीला नव्याच लागलेल्या. पुढे भाविका हात करत होती आणि पोरं तिच्या हाताकडे बघून गात होती. हात खाली आला की जोराचा ठोका, मग बाहेर आणि वर असे दोन हलके. हळदीत बँजोच्या चार ठोक्यांवर नाचलेली पोरं मध्येच चौथा ठोका घुसवत. मग हिरामण नवख्या ड्रायव्हरकडे बघतो तशी भाविका त्यांच्याकडे बघे.

गाणं संपलं, पण पोरं थांबेनात. भाविकाचा हात चालू, म्हणून गाणं पुन्हा पहिल्यापासून चालू. बाई बस म्हणत होत्या, पण ऐकतंय कोण!

हिरामणला राहवलं नाही. "बाई, थांबायचा हात न्हाय शिकवला यांना?"

"अजून नाही, बाबा. आधी तीन ठोके पक्के होऊ देत."

"थांबायचा आधी शिकवायचा. न्हायतर गाडी भिंतीत जाते."

त्याने मूठ वर करून आवळली. भाविकाने आजाकडे बघून तशीच आवळली. अख्खा वर्ग एका झटक्यात गप्प.

बाई हसल्या आणि दर गुरुवारी येऊन एवढंच शिकवाल का, म्हणाल्या. फुकट राबवून घ्यायचा डाव हिरामणने ओळखला, पण त्याला दुसरंच विचारायचं होतं.

"ही पोर उद्या गेटवर न्हाय ना उभी राहायची?"

"हिच्या हातावर गाणं चालतं, बाबा. ट्रेलर तुमचे तुम्हीच सांभाळा."

दाखला राहिला. आता दर गुरुवारी शिफ्ट बदलून हिरामण वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. नजर ठेवायला. परवा एका ड्रायव्हरने तक्रार केली की चाचांचा हात हल्ली खाली, बाहेर आणि मग उगाचच वर जातो. हिरामणचं म्हणणं, त्या ड्रायव्हरला कुणीतरी पढवलंय.